रंगपेटी घरची, किल्लीही घरची



गेल्या आठवड्याच्या टपालात एका ताईंचे पत्र आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. पण प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही, म्हणून या वेळचे पान त्यालाच देतो.

ताईंची थोरली मुलगी दहावीला आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती चांगल्या श्रेणीत उतरली. करोनाच्या साथीत शाळा घरी भरत होती तेव्हा घेतलेला एक लॅपटॉप घरात आहे, आणि पोरीला आता त्यावर रांगोळ्या, नक्ष्या, पत्रिकांची चित्रे काढण्याचा नाद लागला आहे. बाजाराच्या गावी एका दुकानदाराने चित्रकामाचा एक महागडा परदेशी प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून फुकट घालून दिला. घालताना म्हणाला, आधी अँटिव्हायरस बंद करावा लागेल. ताई विचारतात, हे बरोबर आहे का? आणि नसेल, तर आमच्यासारख्यांनी करायचे काय? अस्सल प्रोग्रामचे महिन्याचे भाडे परवडत नाही, आणि पोरीचा हात थांबवावा असेही वाटत नाही.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. ताई, तो प्रोग्राम काढून टाका. आणि पोरीचा हात एक दिवससुद्धा थांबवू नका.

काढून टाका एवढ्यासाठी की ती कुलूप फोडून आणलेली वस्तू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, हे एक. पण कायद्याहून मोठा धोका तुमच्या ओसरीवर आहे. अँटिव्हायरस म्हणजे दारातले कुत्रे. जो पाहुणा कुत्रे बांधा म्हणत नाही, हाकलूनच द्या म्हणतो, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. कुलूप फोडणाऱ्याने त्यात आणखी काय काय दडवले आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसते. तुम्हीच लिहिले आहे की त्याच लॅपटॉपवर तुमचे यजमान बँकेचे खाते बघतात, पीक विम्याचा अर्ज भरतात, आधार कार्डाची प्रत ठेवतात. चित्राच्या प्रोग्रामाबरोबर आलेल्या चोराला चित्रात गोडी नसते. त्याचे लक्ष पासवर्डावर असते. तेव्हा तो प्रोग्राम काढल्यावर अँटिव्हायरस पुन्हा चालू करा, सगळा लॅपटॉप त्याच्याकडून तपासून घ्या, आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या एखाद्या खात्रीच्या यंत्रावरून बदला.

आता भाड्याविषयी. चित्रकामाचे नामांकित प्रोग्राम पूर्वी एकदा पैसे मोजून कायमचे विकत मिळत. त्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, म्हणजे अडोबीने, २०१३ साली जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणी भरून, म्हणजे भाड्यानेच मिळतील. भाडे थांबले की प्रोग्राम थांबला. धंदा करणाऱ्याला ते जमते, त्याच्या हिशेबात ते बसते. घरच्या छंदाला मात्र दर महिन्याचे भाडे म्हणजे दारात बांधलेला परक्याचा बैल. वैरण आपली, आणि काम अडेल त्या दिवशी बैल त्याचा.

यावर एक सरळ वाट आहे आणि ती चोरीची नाही. जगात चित्रकामाचे असे काही उत्तम प्रोग्राम आहेत की ज्यांना भाडे नाही, किंमत नाही आणि कुलूपही नाही. त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. आता फुकट ते पौष्टिक म्हणून आपण भुलतो आणि मग फसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे फुकट कुठल्या जातीचे आहे ते नीट समजून घेऊ.

संकरित बियाणे आपण दर हंगामाला विकत आणतो. त्याचे दाणे राखून पुढल्या साली पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून पुन्हा दुकान. सोयाबीनच्या सरळ वाणाचे तसे नाही. घरचे बी राखता येते, उगवण तपासून पेरता येते, भावकीत पायलीभर देता येते. मुक्त प्रोग्राम हा असा सरळ वाण आहे. तो कशाहीसाठी चालवा. तो आतून कसा बनला आहे ते उघडून पाहा. त्यात आपल्याला हवा तसा बदल करा. आणि मूळचा असो की बदललेला, दुसऱ्याला द्या. या चार गोष्टींची मोकळीक लेखी दिलेली असते. ज्या प्रसिद्ध परवान्याखाली यातले पुष्कळसे प्रोग्राम येतात त्याला जी.पी.एल. म्हणतात. अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८९ साली लिहिला. त्यातली मुख्य अट अशी, की तुम्ही प्रोग्राम सुधारून लोकांना वाटलात तर त्याचे मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तेही बरोबर द्यायचे. घेतलेस तसे पुढे दे, एवढेच मागणे.

बियाण्याशी तुलना एका जागी मोडते, आणि ती मोडते हे बरेच आहे. पायलीभर बी दिले की आपल्या कणगीतले पायलीभर कमी होते. प्रोग्राम दिला तर आपला आपल्याकडे पुरताच राहतो.

आणि यातली गंमत पाहा. तोच दुकानदार, तोच पेन ड्राइव्ह. त्याने त्यावरून असा मुक्त प्रोग्राम घालून दिला असता तर काहीही वावगे नव्हते. घालून देण्याची मजुरी घेतली असती तरी चालले असते. गावच्या शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर एकाच प्रतीवरून तो घालता येतो. कोणाची परवानगी नको, कोणाची भीती नको. दुकानदारावर रागावू नका, त्याला हे पान वाचायला द्या.

कोणी म्हणेल, फुकट देणाऱ्याचे पोट कसे चालते? याचे उत्तर एका गोष्टीतच सांगतो, कारण ती गोष्ट आपल्या गावकीच्या वळणाची आहे.

हॉलंडमध्ये टॉन रोझेंडाल नावाचा एक माणूस. चलच्चित्रे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. कंपनीच्या कामासाठी त्याने १९९४ च्या सुमाराला ब्लेंडर नावाचा प्रोग्राम रचायला घेतला. कागदावरच्या चित्राला फक्त लांबी-रुंदी असते. ब्लेंडरमध्ये मातीच्या बैलासारखी खोलीही असते, आणि तो बैल चालवताही येतो. पुढे त्या प्रोग्रामासाठी वेगळी कंपनी निघाली, धनकोंनी पैसा घातला, आणि २००२ साली धंदा जमेना म्हणून त्यांनीच गाशा गुंडाळला. आता प्रोग्राम कोणाचा? कागदोपत्री धनकोंचा. रचणारा रिकाम्या हाताने बाहेर, आणि जगभर तो वापरणारे लोक अधांतरी. प्रोग्राम मेला तर त्यांची वर्षावर्षांची चित्रे उघडणार कशाने?

रोझेंडाल धनकोंकडे गेला आणि म्हणाला, लोकांसाठी सोडवून घ्यायचा तर काय घ्याल? सौदा ठरला एक लाख युरोंचा. त्याने २००२ च्या जुलैत जगभरच्या वापरणाऱ्यांना हाक घातली, वर्गणी काढा. सात आठवड्यांत एक लाख युरो जमा झाले. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडरचे सगळे मूळ लिखाण जी.पी.एल.खाली लोकांच्या हवाली झाले. गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो; तिथे हे गाव एका शिवेत मावणारे नव्हते, एवढाच फरक. त्या दिवसापासून ब्लेंडर कोणी विकून खाऊ शकत नाही. देखभालीला एक धर्मादाय संस्था आहे, तिला लोकही देणग्या देतात आणि मोठमोठ्या कंपन्याही देतात, कारण त्यांचेही काम त्यावर चालते. पगारी माणसे आहेत, हौशी माणसेही आहेत.

याला गोमटे फळ आलेले जगाने पाहिले. लॅटव्हिया हा वीस लाखांहूनही कमी वस्तीचा देश. तिथल्या गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाने ‘फ्लो’ नावाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये केला. महापुरात सापडलेले एक मांजर आणि एका होडीत जमलेली चार जनावरे, एवढीच कथा. सबंध चित्रपटात माणसाचा एक शब्द नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, आणि समोर हॉलिवुडच्या बड्या कंपन्या होत्या. (पुराचे पाणी अंगणात शिरताना पाहिलेल्या आपल्या लोकांनी तो जरूर पाहावा. जनावरांना काय वाटत असेल ते त्यात दिसते.)

ताई, तुमच्या लॅपटॉपवर मात्र ब्लेंडर झेपेलसे वाटत नाही. त्याला दमदार यंत्र लागते. तो पुढे पाहू. तुमच्या कामाचे प्रोग्राम तीन: गिंप, इंकस्केप आणि क्रिटा.

गिंप हा फोटोचा कारागीर. अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ साली तो रचायला घेतला आणि १९९६ साली लोकांपुढे ठेवला. खिडक्या आणि बटणे बनवायची तयार अवजारे तेव्हा विकतची होती, म्हणून मॅटिसने तीही स्वतः घडवली. ती अवजारे पुढे इतकी चालली की आज कितीतरी वेगळेच प्रोग्राम त्यांवर उभे आहेत. नांगर घडवायला बसलेल्या सुताराच्या वाकसावर सगळ्या गावाने सुतारकाम करावे, तसे झाले. गिंपची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. आजोबांच्या चिरा गेलेल्या फोटोवरचे डाग भरणे, अंधारात काढलेला फोटो उजळणे, गुळाच्या ढेपेमागचा पसारा काढून टाकणे, ही त्याची कामे. यात नवखा माणूस हमखास एके ठिकाणी अडतो, ते सांगून ठेवतो. ‘सेव्ह’ केले की गिंप आपल्या स्वतःच्या जातीची फाइल करतो, ती फोनवर उघडत नाही. नेहमीचा जेपीजी फोटो हवा तर ‘एक्स्पोर्ट’ करायचे. पण सेव्ह केलेली मूळ फाइलही टाकायची नाही. दुरुस्ती तिच्यातच होते.

इंकस्केपचे काम निराळे, आणि ते कळायला रांगोळीच बरी. अंगणात रंग भरून काढलेली पोर्ट्रेट रांगोळी म्हणजे फोटोसारखी. चिमूटचिमूट रंग जिथल्या तिथे, आणि मोठी करायची तर सगळी नव्याने काढायची. फोटो फार ताणला की चौकटी दिसतात, ते याचमुळे. पण ठिपक्यांची रांगोळी आपण चिमटीने लक्षात ठेवत नाही. आपण म्हणतो, “पंधरा ते आठ.” मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर-खाली एकेक कमी करत आठापर्यंत. एकूण १६९ ठिपके होतात, मोजून पाहा. कोणता ठिपका कोणत्याला जोडायचा हे ठाऊक असले की तीच रांगोळी तुळशीपुढे वीतभर काढा नाहीतर मंडपात दहा हात काढा. रेघ तितकीच स्वच्छ. इंकस्केप चित्र असेच लक्षात ठेवतो, ठिपके आणि जोडण्या म्हणून. त्यामुळे डबीवरचे इवलेसे चित्र आणि वेशीवरचा फलक एकाच फाइलीतून निघतो.

या फाइलीला एस.व्ही.जी. म्हणतात. हा नमुना सर्वांना खुला आहे. पोरीला सांगा, इंकस्केपमध्ये एकच वर्तुळ काढ, फाइल सेव्ह कर आणि ती नोटपॅडमध्ये उघड. चित्राऐवजी अक्षरे दिसतील, आणि त्यांत शोधले तर आपले वर्तुळ सापडेल: एक आकडा आडव्या अंतराचा, एक उभ्या अंतराचा, एक त्रिज्येचा. त्रिज्येचा आकडा बदलून सेव्ह कर आणि पुन्हा इंकस्केपमध्ये उघड. वर्तुळ मोठे झालेले दिसेल. असे पोटात शिरून पाहता येते म्हणूनच ही फाइल वीस वर्षांनीही कोणाच्या किल्लीवाचून उघडेल अशी आशा धरता येते.

त्याच फाइलीत ‘सोडिपोडी’ असा एक चमत्कारिक शब्द जागोजाग दिसेल. ते इंकस्केपच्या जुन्या घराचे नाव. सोडिपोडी हा आधीचा प्रोग्राम. पुढे कसे जावे याविषयी मतभेद झाले आणि २००३ साली चौघे कारागीर वेगळे निघाले. भाऊबंदकीच म्हणा. पण बांध कोरण्याची भांडणे झाली नाहीत, कारण मुक्त प्रोग्रामाच्या वाटणीत दोघांनाही अख्खे वावर मिळते. जुने घर पुढे ओस पडले, नवे नांदते आहे, आणि थोरल्या घराचे नाव अजून प्रत्येक फाइलीवर चालते. आपल्या सातबाऱ्याच्या वाटण्या अशा होत्या तर कोर्टाच्या पायऱ्या इतक्या झिजल्या नसत्या!

शिवणकाम करणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक. इंकस्केपला ‘इंक स्टिच’ नावाची एक मुक्त पुरवणी जोडता येते. आपण काढलेल्या नक्षीचे टाके मांडून ती कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनला समजेल अशी फाइल करून देते. ज्यांच्या बचत गटाने असे मशीन घेतले आहे त्यांना विकतच्या नक्ष्यांवर अवलंबून राहायला नको.

तिसरा क्रिटा. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. नावाप्रमाणेच हा रंगवण्याचा प्रोग्राम; कुंचला ओला, कोरडा, खरबरीत, कसा हवा तसा. यातले ‘मल्टिब्रश’ नावाचे अवजार पोरीला आधी दाखवा. कुंचल्यांची संख्या आठ ठेवायची, मध्य ठरवायचा, आणि एक पाकळी काढायची. आठ दिशांना आठ पाकळ्या एकदम उमटतात. पहिल्या दिवशी ती जेवायला उठणार नाही, एवढे मी लिहून देतो. त्यानंतर मात्र तिला सांगा की कॉम्प्युटरने आठपट केलेली वाकडी पाकळी आठ ठिकाणी वाकडीच दिसते. हाताचा सराव वहीवरच चालू ठेवावा.

आता अक्षरांकडे येऊ. कारण पत्रिका असो की पापडाची पिशवी, मराठी माणसाचा कॉम्प्युटर अडतो तो अक्षरांवर. जुन्या पद्धतीच्या फाँटांत मराठी अक्षर हे आतून इंग्रजी अक्षराच्याच जागी बसवलेले असे. ज्या यंत्रावर तो फाँट नाही तिथे फाइल उघडली की मजकुराची खिचडी. कितीतरी छापखान्यांतले जुने मजकूर असे मुके होऊन पडले आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगभर एकच. म्हणून नवे काम युनिकोड फाँटातच करावे. फाँटही मुक्त मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट कोणालाही वापरायला, छापायला खुले आहेत. मुक्ता वाचायला शांत, बालू जरा गुबगुबीत. लोणच्याच्या बरणीला बालू शोभतो.

फाँट कोणताही घ्या, आधी त्यात ‘शेतकऱ्यांच्या दऱ्याखोऱ्यांत’ एवढे लिहून पाहा. र ला य जोडताना आपण मराठीत पापणीसारखा र काढतो. तो नीट उमटला तर फाँट आपला, नाहीतर ठेवून द्या. ‘शेतकरी’ शब्दाची विभक्ती ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या काय कामाचा! अक्षरे अशी योग्य तऱ्हेने जोडण्याचे काम पडद्याआड हार्फबझ नावाचा एक मुक्त प्रोग्राम करतो. फारसीतल्या ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले या शब्दांवरून ते नाव आले. गिंप आणि इंकस्केपमध्ये तो आहेच, आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवर मराठी निरोप नीट दिसतो तोही त्याच्याच कृपेने. तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर तुमच्या घरी आधीच नांदते आहे. ओळख तेवढी झाली नव्हती.

ताईंनी पत्राच्या शेवटी हळूच लिहिले आहे की मुलीने काढलेले लेबल आपल्या काकवीच्या बाटलीला लावले तर चालेल का, की मुक्त प्रोग्रामात काढलेले चित्रही फुकट वाटावे लागते? नाही ताई. परवाना अवजाराचा आहे, पिकाचा नाही. खुरपे कोणाचेही असो, भाजी तुमची. चित्र विका, छापा, त्यावर नाव घाला. लेबलावर काय काय हवे ते मात्र नीट पाहा: वजन, घटक, तारीख, किंमत आणि एफ.एस.एस.ए.आय.चा १४ आकडी नोंदणी क्रमांक. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या रेघेचा चौकोन आणि आत भरीव हिरवे वर्तुळ. इंकस्केपचा पहिला धडा म्हणून ती झकास आहे.

छापखान्यात जाताना दोन गोष्टी सांभाळा. फ्लेक्सवाले आणि छापखानेवाले बहुधा दुसराच प्रोग्राम वापरतात, आणि इंकस्केपचे नाव काढले की काही जण नाक मुरडतात. त्यांच्याशी वाद घालू नये. मजकूर निवडून ‘पाथ’ या यादीतले ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ दाबावे, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि त्यांच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. मग पीडीएफ करून द्यावी. अशा फाइलीत शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल आधीच वेगळ्या नावाने ठेवावी. दुसरी गोष्ट रंगाची. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पडद्यावर कोवळ्या पोपटी पातीसारखा दिसलेला हिरवा कागदावर मळकट उतरतो. ही उणीव अंशतः प्रोग्रामाचीही आहे. छपाईच्या चार शायांचे रंग सांभाळण्यात इंकस्केप कच्चा आहे, क्रिटा त्याहून बरा. एक प्रत छापून पाहिल्याशिवाय हजाराची ऑर्डर देऊ नये.

उणिवा आणखीही आहेत. नामांकित प्रोग्रामाची बटणे जिथे असतात तिथे यांची नसतात; एकाची सवय झालेला दुसऱ्यावर चाचपडतो. पुढे शहरात जाहिरातीच्या नोकरीला गेली तर मुलीला त्यांचाच प्रोग्राम शिकावा लागेल, हे खरे. पण थर, निवड, रेघ वळवणे, रंगांची जुळणी हे सगळे दोन्हीकडे एकच. सायकल आली की दुसऱ्याची सायकलही चालवता येते.

प्रोग्राम आणायचा तो त्याच्या मूळ घरूनच: गिंप डॉट ऑर्ग, इंकस्केप डॉट ऑर्ग, क्रिटा डॉट ऑर्ग. गुगलवर नाव टाकल्यावर वर जी जाहिरात दिसते तिच्यावर बोट ठेवू नका. २०२२ साली गिंपच्या नावाची खोटी जाहिरात देऊन भामट्यांनी लोकांच्या कॉम्प्युटरांत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम घुसवला होता. क्रिटा काही ऑनलाइन दुकानांत पैसे घेऊनही मिळतो. तो खोटा नव्हे, ते पैसे संस्थेच्या कामाला जातात. मूळ घरी तोच फुकट आहे. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांना सांगतो की गिंप आणि इंकस्केपची फोनसाठी अधिकृत आवृत्ती नाही, त्या नावांची ॲप दिसली तर घेऊ नका. क्रिटा अँड्रॉइडच्या टॅबवर चालतो.

मुलीला चित्र काढण्याची इलेक्ट्रॉनिक पाटी आणि पेन घेऊन द्यावे का, असेही ताई विचारतात. इतक्यात नको. इंकस्केपला माउस पुरतो. क्रिटामध्ये हात बसला आणि सहा महिन्यांनीही नाद टिकला, तर लहानशी पाटी घ्या. मोठीची गरज नाही.

पहिले काम मात्र आत्ताच नेमून देतो. पंधरा ते आठ ठिपक्यांची घरातली जुनी रांगोळी, आजीला विचारून, इंकस्केपमध्ये काढायची. एक ठिपका काढला की कंट्रोल आणि डी दाबून त्याच्या प्रती निघतात. ओळी सारख्या अंतरावर बसवायला ‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’ आहे. १६९ ठिपके भरले की ते सगळे एका थरावर ठेवून त्या थराला कुलूप लावायचे, आणि रेघा वरच्या थरावर काढायच्या, म्हणजे रेघ पुसताना ठिपके हलत नाहीत. झाली की एस.व्ही.जी. फाइल मावशीला, आत्याला धाडायची. त्यांच्याकडे इंकस्केप नसले तरी ती इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये उघडते. आणि ताई, एक प्रत आमच्याकडेही पाठवा. ठिपके मोजूनच छापू.